बहिरूने पसरवलेला ताप

सुरगाण्याच्या जीपस्टँडवर बहिरू भोयेचा आवाज ज्याने ऐकला नाही, त्याने आवाज ऐकलाच नाही. "वणीऽ दिंडोरीऽ नाशिकऽ!" अशी त्याने हाक दिली की टपरीवरच्या काचेच्या बरण्या किणकिणायच्या, आणि ज्याला फक्त बाजारातून मीठ घेऊन घरी जायचं होतं असा माणूसही गोंधळून जीपमध्ये चढून बसायचा. "जीप भरली" हे वाक्य बहिरूच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. "सरका जरा, लय जागा हाय," एवढंच तो म्हणायचा, आणि माणसावर माणूस बसवायचा. "आता निघालोच" असं सांगून त्याने किती लोकांच्या किती सकाळी खाल्ल्या, ते त्या लोकांनाच माहीत.

अशा माणसाला गुहेचा राखणदार नेमला. काम दोनच गोष्टींचं: माणसं आत सोडायची नाहीत आणि आवाज करायचा नाही. आपल्याकडे माणसाचे गुण बघून काम देतात याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

गुहा खिरमाळच्या वरच्या कड्यात. खिरमाळ म्हणजे बहिरूचंच गाव, गुजरातच्या बाजूचं, डोंगरातलं. भात, नागली, आणि पीक निघालं की दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांत मजुरी. गुहेत लहान वटवाघळं राहतात. गावात त्यांना पाकोळ्या म्हणतात. दिवस मावळला की त्या गुहेतून धुराच्या लोटासारख्या बाहेर पडायच्या, भातावरचे किडे खायच्या आणि उजाडायच्या आत परत यायच्या. गावाने त्यांना कधी त्रास दिला नाही, त्यांनी गावाला दिला नाही. एकमेकांकडे संपूर्ण दुर्लक्ष करून दोघं सुखात होते.

मग एका मुलीने रील काढलं. ती गुहेच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली, मैत्रिणीने आत जाऊन स्टीलचं ताट बडवलं, आणि घाबरलेल्या हजारो पाकोळ्या तिच्या डोक्यावरून भर दुपारी उधळल्या. खाली हळुवार गाणं लावलं होतं. ते इतकं गाजलं की पुढच्या रविवारपासून खिरमाळला गाड्यांची रांग लागली. नाशिकच्या, सुरतच्या, कुठल्या कुठल्या. सगळे निसर्गप्रेमी. प्रत्येकाच्या हातात ताट, नाहीतर फटाक्यांची लड.

नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पल्लवीताई या पाकोळ्यांचा अभ्यास करत होत्या. त्यांनी दिसेल त्या कार्यालयात जाऊन सांगितलं की हे थांबलं नाही तर गुहा रिकामी होईल. कार्यालयांनी अतिशय तत्परतेने बैठक बोलावली. गावचे सरपंच मनोज बैठकीचे अध्यक्ष झाले. ठरलं असं: गुहेच्या तोंडाला साखळी लावायची, उन्हाळ्याच्या शेवटी पिल्लं होतात ते महिने कुणालाच सोडायचं नाही, बाकीच्या दिवसांत मोजकी माणसं, लाल काचेची बॅटरी, तोंड बंद. आणि ज्यांना पाकोळ्या बघायच्याच आहेत त्यांनी खाली पार्किंगजवळ बसून संध्याकाळी लांबून बघाव्यात. ही शेवटची सूचना पल्लवीताईंचीच. मनोजला ती फार आवडली. त्याने तिथे 'बॅट पॉइंट' नावाची बाग काढली: प्लॅस्टिकच्या पंखांची सेल्फी-चौकट, आणि जुने टायर पिवळे-निळे-लाल रंगवून त्यांत लावलेली झाडं. झाडं पंधरवड्यात वाळली. टायर मात्र छान राहिले.

"राखणदार कोण होणार?" असं वनखात्याच्या साहेबांनी विचारलं तेव्हा बैठकीत बऱ्याच जणांनी "मी" म्हटलं असणार. पण बहिरूने "मी" म्हटल्यावर बाकीचे "मी" कुणाला ऐकूच आले नाहीत. जीपचा धंदा बसला होता, त्याला काम हवंच होतं. घरी येऊन त्याने बायकोला, तानुबाईला सांगितलं, "आता मी सरकारी माणूस."

"कशाचा?"

"पाकोळ्यांचा."

"बरंय," तानुबाई नागलीचं पीठ मळत म्हणाली. "त्यांना तरी तुझं खोटं कळायचं नाय."

बहिरूला पाकोळ्यांबद्दल काडीची आपुलकी नव्हती. त्याला त्यांची किळसच यायची. गुहेच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. पण शिट्टी मिळाली होती, टोपी मिळाली होती, आणि साखळीची किल्ली त्याच्या करगोट्याला होती. माणसाला आणखी काय लागतं?

पहिल्याच उन्हाळ्यात, पिल्लांच्या बंदीच्या दिवसांत, वरच्या साहेबांचा फोन आला. त्यांचे साडू सहकुटुंब येत होते. "पाच मिनिटं दाखव. आपलेच लोक आहेत."

बंदीचा बोर्ड साहेबांच्याच सहीने लागला होता. पण सही कोणासाठी असते आणि फोन कोणासाठी, एवढं बहिरूला कळत होतं. त्याने साखळी काढली. साडू, साडूंची बायको, मुलं, मुलांचे मित्र आत गेले. सवयीप्रमाणे बहिरू म्हणालाही, "सरका, सरका, आत लय जागा हाय." आतून किंकाळ्या आल्या, हसणं आलं, मोबाइलचे उजेड लखलखले. पाकोळ्या बाहेर फुटल्या. साडूंनी बहिरूच्या पाठीवर थाप मारली. "मस्त जागा आहे. सांभाळा हं."

संध्याकाळी पल्लवीताई आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. गुहेच्या तोंडाशी पडलेली बिस्किटाची पाकिटं पुरेशी होती. त्या लाल बॅटरी घेऊन आत गेल्या, आणि थोड्या वेळाने बहिरूला आत बोलावलं.

जमिनीवर पिल्लं पडली होती. अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, अंगठ्याएवढी. आया घाबरून उडाल्या तेव्हा सुटून खाली आलेली. बरीचशी मेली होती. जी जिवंत होती त्यांच्यावर मुंग्यांच्या रांगा चढत होत्या. पल्लवीताईंनी हातमोजे घातले आणि एकेक पिल्लू उचलून, मुंग्या फुंकून, ते भिंतीच्या खडबडीत कपारीला टेकवू लागल्या. पिल्लू नखांनी दगड धरायचं. एखादं धरायचं नाही. त्यांनी बहिरूला मोज्यांची दुसरी जोडी दिली. एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. राग कसा परतवायचा ते जीपस्टँडवर शिकायला मिळतं. गप्प बाईचं काय करायचं ते तिथे कुणी शिकवत नाही.

बहिरू गुडघ्यावर बसला. पहिलं पिल्लू त्याने उचललं तेव्हा त्याला शिसारी आली. मग त्या पिल्लाने त्याचं बोट घट्ट धरलं. भिंतीला लावलं तरी सोडेना.

घरी येऊन तो जेवला नाही. तानुबाईने विचारलं तर म्हणाला, "त्यांना बोटं असतात गं."

त्या दिवसापासून बहिरू बदलला. म्हणजे खोटं बोलणं सोडलं असं नाही. इतकी वर्षं जोपासलेली कला पिल्लांसाठी कामाला लावायचं त्याने ठरवलं, इतकंच.

कारण नियमांनी काही होत नव्हतं. त्याने नियम सांगितले, लोकांनी ओळखी सांगितल्या. त्याने शिट्टी वाजवली, लोकांनी तिच्यावर नाचून दाखवलं. मग एका रविवारी नाशिकहून आलेला एक ग्रुप साखळी ओलांडायलाच निघाला. बहिरू आडवा गेला नाही. तो जरा लांब सरकला, तोंडाला गमछा बांधला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "जा दादा. पण आंघोळ केल्याबिगर लेकराला हात लावू नका."

"का?"

"काय नाय. मागल्या हप्त्यात एकजण आत गेला होता. चांगला पैलवान गडी. तिसऱ्या दिवशी ताप चढला." त्याने गुहेकडे बघितलं. "डॉक्टर म्हणतात पाकोळ्यांचा ताप हाय. त्याच्यावर औषध अजून निघायचंय. तुमी जा, जा. समद्यांनाच होतो असं नाय."

करोनातून नुकताच उठलेला देश तो. ग्रुप गाडीपर्यंत चालत गेला नाही, धावला.

बहिरूला आपण काय शोधून काढलंय याची जाणीव झाली. पुढच्या आठवड्यात त्या पैलवानाला भाऊ फुटला. मग सुरतचं एक अख्खं कुटुंब आजारी पडलं. लक्षणं वाढली: आधी ताप, मग सांधे, मग डोळ्यांच्या मागे दुखणं. कुणी कुणी तर घरी जाऊन आजारीही पडले, असं ऐकू आलं. गाड्या कमी झाल्या. गुहा शांत झाली. साहेब पाहणीला आले आणि रिकामी पायवाट बघून भारावले. "लोकसहभागातून शिस्त," असं त्यांनी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या.

पल्लवीताईंना खरा प्रकार कळला तेव्हा त्या गुहेच्या पायवाटेवरच बहिरूला भेटल्या. "बहिरूभाऊ, हे बंद करा. वटवाघळांना हात लावू नये हे खरं. पण तुम्ही लोकांच्या मनात भीती घालताय, आणि घाबरलेला माणूस लांब राहतोच असं नाही. तो मारायलाही येतो."

"ताई, तुमचा बोर्ड तीन भाषांत हाय. कुणी वाचला का? माझा ताप कुणी लिहून न काढता सुरतेला पोचला."

"उलटेल हे."

"उलटलं तर मी हाय ना," बहिरू म्हणाला. यात धीर वाटण्यासारखं काय होतं ते पल्लवीताईंना समजलं नाही.

पावसाळा सरत आला आणि खिरमाळमध्ये ताप आला. खरा ताप. आधी मनोजच्या घरी, मग शेजारी, मग वाडीभर. अंग फणफणायचं, सांधे धरायचे, डोळ्यांच्या मागे ठणका लागायचा. थेट बहिरूने सांगितलं होतं तसं. भात कापणीला आला होता, पुढे द्राक्षांच्या छाटणीला टोळ्या निघायच्या होत्या, आणि माणसं घोंगड्या पांघरून पडून होती. देवरामबाबाची सून तर इतकी आजारी झाली की तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. देवरामबाबा म्हणजे गावचा म्हातारा जाणता माणूस. मोजकं बोलायचा आणि बोलला की ते व्हायचं.

गावाची सभा भरली. देवरामबाबा उठला. "पाकोळ्यांचा ताप हाय. गुहेत पेंढा भरायचा, वर मिरच्या टाकायच्या, आन् पेटवायचं. एकदाच."

बहिरू उठला. "बाबा, पाकोळ्यांचा ताप बिप काय नसतो."

"तूच सांगितलं."

"मी खोटं सांगितलं. लोक येऊ नये म्हणून."

सभेत हशा पिकला. मनोज कण्हत म्हणाला, "अरे, तुझी नोकरी जाईल म्हणून आता फिरवतोस होय?"

बहिरूने देवाची शपथ घेतली. मुलांची घेतली. जीपस्टँडवर रोज ज्या शपथा घ्यायचा त्याच होत्या. लोकांना पाठ होत्या. जन्मभर खोटं बोलला तेव्हा गाव विश्वास ठेवून जीपमध्ये बसलं. आयुष्यात एकदा खरं बोलला, तर सगळे एका सुरात म्हणाले, "खोटारडा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिरू गुहेच्या तोंडाशी, साखळीच्या बाहेर, घोंगडी टाकून बसला. त्याला आतच जाऊन बसायचं होतं, पण पल्लवीताईंनी फोनवर बजावलं की आत बसलात तर पाकोळ्या घाबरून उधळतील आणि न पेटवताच मरतील. त्या तालुक्याच्या दवाखान्यातून तपासणीचं पथक आणायला निघाल्या होत्या. पथकाच्या गाडीला ड्रायव्हर नव्हता. ड्रायव्हर मिळाला तेव्हा डिझेल नव्हतं. "काहीही करून थांबवा त्यांना," त्या म्हणाल्या.

दुपारी माणसं चढून आली. डोक्यावर पेंढ्याचे भारे, एकाच्या हातात मिरच्यांची पिशवी.

"ऊठ," देवरामबाबा म्हणाला.

"नाय. पेटवायचं तर माझ्यासकट पेटवा."

"बहिऱ्या, नाटकं करू नको. माझी सून मरायला टेकलीय."

"म्हणूनच सांगतो. पाकोळ्या मारून ती उठायची नाय. हे बघा, मी इथंच बसतो. ह्यांच्या वासात खातो, ह्यांच्या वासात झोपतो. पाकोळ्यांनी ताप येत असंल तर समद्यात आधी मला येईल. आला की तुमी पेटवा. मी स्वतः काडी देतो."

देवरामबाबाने विचार केला. म्हातारा न्यायाचा होता. "आला की पेटवू," तो म्हणाला. माणसांनी पेंढा तिथेच रचला आणि दोघांना पहाऱ्याला बसवलं. राखणदारावर राखणदार.

संध्याकाळी तानुबाई भाकरी आणि चटणी घेऊन वर आली. ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतः शेजारी बसली.

"तू जा घरी," बहिरू म्हणाला.

"का जाऊ? आयुष्यात पयल्यांदा खरं बोलतोयस. बघून घेते."

दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिरूचे दात वाजू लागले.

त्याने घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. डोळ्यांच्या मागे असा ठणका लागला की त्याला स्वतःच्याच वर्णनाचं कौतुक वाटलं असतं, वेळ बरी असती तर. तानुबाईने कपाळाला हात लावला आणि हात तसाच ठेवला. मग काढून घेतला. समोर पेंढा होता आणि पेंढ्याजवळ दोन गडी.

"बहिरूभाऊ, बरा हायस ना?" एकाने विचारलं.

बहिरूने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. त्याच्याऐवजी तानुबाई कडाडली. "बरा नसायला काय झालं? रात्रभर घोरतो, दिवसभर लोळतो! घरी कामाला हात लावायचा नाय आन् इथं डोंगरावर बसून गिळतोय!" त्या दिवशी तिने नवऱ्याला इतक्या शिव्या दिल्या की पहारेकऱ्यांना बहिरूची दया येऊन ते जरा लांब जाऊन बसले. तिला तेच हवं होतं. ते लांब गेले की ती ओल्या फडक्याने त्याचं कपाळ पुसायची, आणि ते बघू लागले की तेच फडकं त्याच्या अंगावर फेकून ओरडायची, "धू आता तरी तोंड!"

"तानू," तो हळूच म्हणाला, "मला ताप हाय."

"नाय."

"डोकं फुटतंय."

"फुटू दे. पण फुटलं म्हणून सांगू नको."

दुपारी देवरामबाबा बघायला आला. तो बहिरूसमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतली लाली, ओठांवरची साल, सगळं त्याने बघितलं. मग त्याने हात पुढे केला, कपाळाला लावण्यासाठी. तानुबाईने तो हात वाटेत धरला. कुणा म्हाताऱ्या माणसाचा हात तिने असा कधी धरला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी निघालीय सुरगाण्याहून. संध्याकाळपर्यंत थांबा. मग मी स्वतः ह्याला उचलून बाजूला ठेवते."

देवरामबाबा उठला. "मला काय दिसत नाय नीट," तो पहारेकऱ्यांना म्हणाला. "म्हातारा झालो. संध्याकाळी बघू."

गाडी संध्याकाळच्या आधी आली. पथकाने आधी आजाऱ्यांचं रक्त घेतलं, मग घराघरांतले रांजण, टाक्या, कुंड्या तपासत फिरलं. पल्लवीताई वर चढून आल्या, बहिरूला हात लावला आणि त्याचंही रक्त घ्यायला लावलं. डेंगू होता. गावातला आणि बहिरूचाही एकच. बहिरू गावातून येताना डास चावून घेऊन आला होता. गुहेने त्याला वास सोडून काही दिलं नव्हतं.

डास पैदा कुठे होत होते ते शोधायला फार फिरावं लागलं नाही. बॅट पॉइंटच्या रंगीत टायरांत पावसाचं पाणी साठलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. पिवळ्यात होत्या, निळ्यात होत्या, लालमध्ये तर फारच. वटवाघळं बघण्यासाठी उभारलेल्या बागेने सगळ्या गावाला आडवं केलं होतं. पहिला बळी बागेचे शिल्पकार मनोजच, आणि तो न्याय निदान निसर्गाने परस्पर केला होता. पल्लवीताईंनी पहारेकऱ्यांना खाली टायरांजवळ नेऊन अळ्या दाखवल्या. एकाने विचारलं, "मग पाकोळ्या काय करतात?" त्या म्हणाल्या, "किडे खातात. त्यात डासही आले. पण एवढ्या टायरांचं खाऊन संपवायला त्यांना पण वेळ लागेल."

पेंढा खाली गेला, गुरांच्या पुढे. बहिरू दवाखान्यात गेला, देवरामबाबाच्या सुनेच्या शेजारच्या खाटेवर. ती आधी उठली. तो अशक्त होऊन घरी आला आणि बरेच दिवस त्याचा आवाज कुजबुजीच्या वर जाईना. तानुबाई म्हणाली, "एवढ्या वर्षांनी घरात ऐकू येतंय."

मनोजने टायर हलवण्याचा मोठा कार्यक्रम केला. 'डासमुक्त खिरमाळ' असा फलक लागला, साहेब आले, फीत कापली गेली. टायर काढण्यासाठी फीत कशी कापतात ते बघायला गावकरीही जमले. भाषणात बहिरूचं नाव आलं, पण 'भिरू' असं.

तापाची अफवा मात्र पूर्ण गेली नाही. शहरातली काही पोरं आता 'मौत की गुफा' बघायला येतात आणि मरणाच्या फार जवळ जाऊन आल्याचे व्हिडिओ काढतात. बहिरू त्यांना सांगतो की आत पिल्लं आहेत, आवाज झाला की पडतात, मुंग्या खातात. काही जण ऐकून परत जातात. काही हुज्जत घालतात. खोट्याने जेवढं काम व्हायचं तेवढं खऱ्याने होत नाही, हे त्याला रोज दिसतं, आणि रोज त्याची जीभ त्या जुन्या पैलवानाकडे वळते. तो ती आवरतो. नेहमीच आवरते असंही नाही.

या वर्षी बंदीच्या महिन्यांत त्याला एक जोडीदार मिळाला. देवरामबाबा दुपारी काठी टेकत वर येतो आणि साखळीपाशी बसतो. मागच्याच महिन्यात दिवा लावलेली गाडी खाली थांबली, आणि इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस घामाघूम होत वर आला. त्याने आपली ओळख सांगितली. बहिरू उठून उभा राहिला. सवयी जुन्या असतात. देवरामबाबा बसूनच राहिला. त्या माणसाने नंबर फिरवला आणि मोबाइल म्हाताऱ्यापुढे धरला. "साहेब बोलतायत. घ्या."

गावच्या सभेत मागच्या ओळीतली कुजबुज ऐकून उलट उत्तर देणाऱ्या देवरामबाबाने फोन कानाला लावला. पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन परत केला.

"काय म्हणाले?" माणसाने विचारलं.

"ऐकू नाय येत मला," देवरामबाबा म्हणाला, आणि पाय साखळीवर पसरून जरा आरामात बसला.